ॲडमिट न होता व्यसनमुक्तीचे उपचार : नेमकं काय असतं? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:५२

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिला धागा काढतेय तोही असा. विषय चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

धाकटा भाऊ, वय ३८. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दारू पंधरा वर्षांपासून, रोजची तीन वर्षांपासून. दिवाळीनंतर सकाळी हात थरथरायला लागले, सही करता येईना, म्हणून सकाळीही. ॲडमिट व्हायला साफ नकार. सौद्यांचा सीझन आहे, आता महिनाभर गायब झालो तर नोकरी गेली, आणि यार्डात चर्चा होईल ती वेगळीच, असं म्हणतो. त्यात खोटं काहीच नाही.

मिरजेतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मधला रस्ता सांगितलाय. आधी आठवडाभर घरीच गोळ्यांवर दारू उतरवायची. मग बारा आठवडे, आठवड्यातून तीन संध्याकाळी, साडेपाच ते साडेआठ तिथे जायचं. झोपायला घरी. डॉक्टर घाईत होते, वहिनी रडत होती, माझे निम्मे प्रश्न घशातच राहिले. त्या तीन तासांत करतात तरी काय? बाकीच्या चार दिवसांत आम्ही काय करायचं? आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे, रात्री साडेआठला मिरजेहून सुटलेला हा माणूस सांगलीत गावभागात घरी पोचणार कसा? मधल्या रस्त्यावर काय काय आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको.

भडंगवाला | सोमवार, रात्री १०:०५

मिरज ते सांगली रस्त्यावर देवळं मोजायची की परमिट रूम, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे.

(ताई, रागावू नका. आमच्या मोठ्या काकांनी दोन्ही मोजली होती. वाचतोय.)

रोखठोक | सोमवार, रात्री १०:४०

स्पष्ट बोलतो. वेळ आणि पैसा वाया घालवू नका. माझ्या चुलतभावाचं हे "येऊन-जाऊन" प्रकरण दोनदा केलं. नऊ तास उपदेश आणि आठवड्याचे उरलेले सगळे तास मित्रमंडळ. दुसऱ्या खेपेला तर तो गटात बसलेल्या एकासोबतच बाहेर पडून प्यायचा. उचला आणि महिनाभर आत टाका. गोड बोलून दारू सुटत नसते.

वहिनी_कराडकर | सोमवार, रात्री ११:१५

रोखठोक, "उचला आणि टाका" असं आम्हीही केलं होतं. हायवेजवळच्या एका केंद्रात चार माणसं येऊन ह्यांना गाडीत घालून घेऊन गेली. महिन्याने परत आले तेव्हा पाठीवर वळ होते. सहा दिवस प्याले नाहीत, सातव्या दिवशी प्याले, आणि पुढे दोन वर्षं डॉक्टर हा शब्द काढला की ताट भिरकावायचे. ती दोन वर्षं कोण भरून देणार?

कृष्णाकाठताई, सविस्तर उद्या लिहिते. आज एकच सांगते, गोळ्या कुणाच्या ताब्यात राहणार हे आधी ठरवा. सासूबाईंच्या नको.

ओपीडी_नंबर_सात | मंगळवार, सकाळी ७:२०

मी याच क्षेत्रात काम करते, पण तुमच्या भावाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

बारा आठवड्यांची काळजी नंतर. आधी पहिला आठवडा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा तासांपासून दिवसभरात थरथर, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. फिट यायची झाली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भ्रम, म्हणजे नसलेलं दिसणं, दिवस-जागा न कळणं, ताप, प्रचंड अस्वस्थता, हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या भरपूर डोसने सुरू करून रोज कमी करत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१. तो "ताकदीचा डोस" समजून टाळू नका. त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

घरी हे करायचं तर चोवीस तास जागं, न पिणारं माणूस सोबत हवं. त्या आठवड्यात गाडी चालवायची नाही. आणि डॉक्टरांना हे सांगितलंय का बघा: आधी कधी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, भ्रम झाला होता का, जिवाचं बरंवाईट करायचं बोलतो का, कावीळ झाली होती का. यातल्या एकालाही "हो" असेल तर घरी नको. चार-पाच दिवस हॉस्पिटल, मग बाकीचं येऊन-जाऊन. त्यात कमीपणा नाही.

आणि रोजची किती, हा आकडा खरा सांगा.

भडंगवाला | मंगळवार, सकाळी ८:०२

डॉक्टर, हळदीच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे, वरून कुणाला काही कळायचं नाही. दिवाणजींची रोजची किती हा भाव रुमालाखालचाच असणार. एक क्वार्टर म्हणाला असेल तर दोन धरा.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

भडंगवाले, हसले आणि मग पोटात गोळा आला. डॉक्टरांना त्याने "एक क्वार्टर" असंच सांगितलंय. वहिनी म्हणते कचऱ्यात तीन निघतात.

फिट आधी आलेली नाही. सलग दोन दिवस तो कधी थांबलाच नाही, त्यामुळे आली असती का तेही माहीत नाही.

ओपीडी_नंबर_सात | मंगळवार, दुपारी १:४४

आजच फोन करून तीन हा आकडा सांगा. डोस त्यावर ठरतो.

माहुलीकर | मंगळवार, रात्री ९:१०

मी दारुडा आहे. २०१६ पासून प्यायलेलो नाही. साताऱ्याला एमआयडीसीत होतो. दोनदा ॲडमिट झालो, दोन्ही वेळा अगदी आदर्श पेशंट. प्रार्थना म्हणायला पुढे, भांडी घासायला पुढे. घरी आल्यावर एकदा अकराव्या दिवशी, एकदा चाळिसाव्या दिवशी प्यालो. तिसऱ्या वेळी कंपनीने रजा नाकारली, म्हणून नाइलाजाने हे येऊन-जाऊन केलं. तेव्हा ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आतून देतो.

पहिल्या दिवशी चहा आला, अर्धाच कप. मला वाटलं, फी एवढी घेतात आणि चहात कंजुषी! मग बाजूच्याकडे बघितलं. त्याने कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी बशी वाजत होती. पूर्ण कप दिला असता तर अंगावर सांडला असता आणि माणूस दुसऱ्या दिवशी आला नसता. त्या मावशींना हे कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलं होतं.

तीन तासांचं म्हणाल तर सुरुवातीला नळी फुंकायची, प्यालोय का ते बघायला. कधी लघवीची तपासणी, आधी न सांगता. मला भयंकर अपमान वाटायचा. नंतर लक्षात आलं, ती नळी होती म्हणून घरी बायकोने तोंडाचा वास घेणं बंद केलं. दहा वर्षांत पहिल्यांदा आमच्यात तो विषय नव्हता. मग दीड तास गट, आठ-दहा माणसं. "दारू वाईट" हे तिथे कुणी सांगत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. काल सात वाजता तू कुठे होतास, खिशात किती होते, कुणाचा फोन आला, हे विचारतात. आमच्या समुपदेशक बाईंनी मला घरापासून कामापर्यंतचा नकाशा काढायला लावला आणि म्हणाल्या, जिथे छाती धडधडते तिथे फुली मार. पोवई नाक्यापासून घरापर्यंत मी नऊ फुल्या मारल्या. बारा आठवडे त्या नऊ फुल्यांवरच काम चाललं होतं म्हणा ना. एक फुली माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं घर होतं.

उरलेल्या वेळात एकेकट्याशी बोलणं, गोळ्यांचं बघणं आणि दर शनिवारी घरच्यांना बोलावणं.

आत ॲडमिट असताना मला या नऊ फुल्या भेटल्याच नव्हत्या. तिथे दारूच नव्हती तर मी प्यालो नाही यात माझं काय कौतुक? इथे मंगळवारी घसरता घसरता वाचलो तर गुरुवारी ते ताजं ताजं गटात ठेवता यायचं. रोखठोक म्हणतात ते उरलेले तास हाच खरा धडा असतो, आणि त्या तासांत नापास होणारेही असतात. आमच्या दहातले तिघे पाचव्या आठवड्याच्या आत गळाले.

परतीच्या रस्त्याचं सांगतो. मी मोटारसायकलची किल्ली बायकोला दिली आणि चालत यायला लागलो, गटातला कोरेगावचा एक गडी स्टँडपर्यंत सोबत असायचा. पोट भरलेलं असेल असं बघा. साडेआठला रिकाम्या पोटी सुटलेला माणूस वडापावच्या गाडीशी थांबतो, आणि त्या गाडीच्या मागे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चारपैकी दोन एका वेळी अंगावर आले की घरी फोन करायचा, असा नियम होता. तलफ कितीही जोराची असली तरी ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते. ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर! मला वाटायचं ती प्यायल्याशिवाय जातच नाही.

येरळाकाठचा | मंगळवार, रात्री ९:४८

माहुलीकर, दंडवत घ्या.

आमच्याकडं तर यष्टी ष्ट्यांडवरच पाटी हाय बगा, "न सांगता दारू सोडवा". चुलतीनं पुडी आणून आमटीत घातली आठ दिस. चुलत्याला काय पत्त्या न्हाय. गटारीला बसला मंडळींत, आन दोन घोट गेलं न गेलं तवर त्वांड लालबुंद, छातीत धाडधाड, उलट्या, डोळं पांढरं. जीपमधनं सिव्हिलला न्हेला. वाचला. पर तवापासनं चुलतीच्या हातचं खात न्हाय, सोताच सैपाक करतुया. आन पितुयाच.

ओपीडी_नंबर_सात | मंगळवार, रात्री १०:३०

येरळाकाठचा, त्या पुडीत काय होतं सांगता येत नाही, पण वर्णन डायसल्फिरॅमचं वाटतं. हे औषध घेतलेल्या माणसाच्या अंगात दारू पूर्ण मोडत नाही, ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं, आणि मग तुम्ही सांगितलंत तसं होतं. हृदयाचा त्रास असेल तर जीव जाऊ शकतो. म्हणून ते पेशंटला समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचं, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावर. गोळी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. काही कफ सिरपमध्येही अल्कोहोल असतं, त्यानेही त्रास होतो. समजून घेणाऱ्याला ते उपयोगी आहे. रोज सकाळी एकदा ठरवलं की दिवसभर पुन्हापुन्हा ठरवावं लागत नाही.

दुसरी औषधंही आहेत. नॅल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते, अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची तगमग कमी करतं, लिव्हर खराब असेल तर पुष्कळदा बॅक्लोफेनचा विचार होतो. कुठलं द्यायचं ते रक्ततपासणी बघून. ब्राउन शुगर किंवा गोळ्या-इंजेक्शनवाल्यांची औषधं वेगळी, त्यांना ब्युप्रेनॉर्फिन देतात आणि ते लांबपर्यंत चालू ठेवावं लागतं. "एक नशा सोडून दुसरी" म्हणून घरच्यांनी ते बंद पाडू नये.

हळदकुंकू | बुधवार, सकाळी ११:००

खर्चाचं कुणी बोललंच नाही. इन्शुरन्समध्ये बसतं का?

रोखठोक | बुधवार, सकाळी ११:३५

मी त्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे असंही त्यात आहे. प्रत्यक्षात बहुतेक साध्या पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. येऊन-जाऊन उपचाराला ओपीडीचं कव्हर वेगळं घेतलेलं असेल तरच काही आशा. पॉलिसीचं पुस्तक उघडून वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. एजंटवर विश्वास ठेवू नका. मी एजंट आहे.

भडंगवाला | बुधवार, सकाळी ११:४१

शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावणार.

एडिसनचा_बाळू | बुधवार, दुपारी २:२० (इथे पहाट)

मूळचा विटा, सध्या न्यू जर्सी. नाव अर्थातच हे नाही.

मी इथे हेच केलंय, दारूसाठी. इथे याला अधिकृत पायरी आहे: आठवड्याला किमान नऊ तास ते वीसच्या आत. वीस किंवा जास्त झाले की ती वरची पायरी, जवळजवळ दिवसभराचं हॉस्पिटल. सुधारलात की आठवड्याला एकदा. म्हणजे जिना आहे, वरखाली करता येतं, घसरलात तर हाकलून न देता एक पायरी वर चढवतात (चांगल्या ठिकाणी). माझं सोमवार-बुधवार-गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ. दिवसा नोकरी. ऑफिसात कुणाला कळलं नाही. व्यसनाच्या उपचाराची कागदपत्रं गुप्त ठेवण्याचा इथे स्वतंत्र, कडक नियम आहे.

एक गंमत. नळी स्वच्छ निघाली की काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढायची. बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतं "शाब्बास", काहींवर छोटं बक्षीस. मी, चाळिशीचा इंजिनियर, पाच डॉलरच्या कूपनसाठी हट्टाने प्यायचं टाळत होतो. हसू नका, या पद्धतीचे खूप अभ्यास झालेत आणि ती चालते. ड्रग्जवाल्यांमध्ये तर जास्तच.

सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? मराठीत रडता आलं नाही. गटात सगळं इंग्रजीत. "आईने जेवायला वाढून ठेवलं होतं आणि मी बाथरूममध्ये पीत होतो" हे इंग्रजीत सांगितलं की नुसती माहिती वाटते. तुमच्या भावाला त्याच्या भाषेत बोलायला मिळणार आहे, ताई.

येरळाकाठचा | बुधवार, संध्याकाळी ६:१०

विट्याचं म्हंजे आमचंच की वो! कुनाचं?

एडिसनचा_बाळू | बुधवार, संध्याकाळी ६:३२

तेवढं सोडून काहीही विचारा दादा :)

वहिनी_कराडकर | बुधवार, रात्री १०:५०

परवा म्हटल्याप्रमाणे लिहिते.

घरी राहून उपचार म्हणजे घरातल्या बाईला पोलीस, नर्स आणि बायको अशा तीन नोकऱ्या. मला कुणी हे आधी सांगितलं नाही. पहिले पंधरा दिवस मी त्यांच्या पँटचे खिसे, गाडीची डिकी, तांदळाचा डबा, सगळं तपासायचे. शनिवारच्या घरच्यांच्या बैठकीत तिथल्या समुपदेशक ताईंनी विचारलं, "सापडली तर काय करणार आहात?" मला उत्तरच येईना. भांडणार, दुसरं काय. त्या म्हणाल्या, मग शोधू नका, ते आमच्यावर सोडा, तुम्ही जेवलात का ते सांगा. मी तिथे ढसाढसा रडले. जेवले नव्हते.

आमचं ठरलं ते असं. गोळी सकाळी माझ्यासमोर, चहाच्या आधी. त्यावर एक शब्द बोलायचा नाही, ना "शहाणा ग माझा", ना टोमणा. पगार माझ्या खात्यात, त्यांच्या यूपीआयला दिवसाची मर्यादा. आधी त्यांचं सगळं "जनरल स्टोअर्स"च्या नावाने निघायचं. इतकं सामान कुठल्या घरात येतं? आणि सासूबाई. त्या गुपचूप शंभर-दोनशे द्यायच्या, "पोरगं तगमगतंय" म्हणून. त्यांनाही बैठकीला नेलं. ऐंशी वर्षांच्या, काठी टेकत आल्या. तिथे दुसऱ्या एका मुलाची आई बोलली तेव्हा त्यांचं बंद झालं, माझ्या सांगण्याने नव्हे.

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात. आपला माणूस पीत असला तरी आपण जायचं. मी अजून जाते. हे चार वर्षं चांगले आहेत, तरी जाते.

रोखठोक | बुधवार, रात्री ११:२०

वहिनी, माझ्या चुलतभावाच्या घरी हे कुणीच केलं नव्हतं. फी भरली आणि सोडून दिलं होतं. एवढं मान्य करतो. पण ज्याच्या घरात करणारं कुणी नाही, बायको माहेरी, भाऊ वेगळे, त्याला हे येऊन-जाऊन सांगणं म्हणजे थट्टा आहे, हे तुम्ही मान्य करा.

ओपीडी_नंबर_सात | गुरुवार, सकाळी ७:०५

मान्य. घरात आधार नाही किंवा घरातच दुसरा पिणारा आहे, त्याला सुरुवातीला आतच ठेवावं. अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांवरच्या अभ्यासांचा २०१४ मध्ये आढावा निघाला होता. बहुतेकांच्या बाबतीत आत राहून आणि येऊन-जाऊन परिणाम सारखेच दिसले. "बहुतेकांच्या" हा शब्द महत्त्वाचा.

दुसऱ्या बाजूनेही बघा. एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये आली, तिच्यात दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांत एकाला कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. ॲडमिट होऊन उपचार १८० जणांत एकाला. तेव्हा "ॲडमिट होणार नसशील तर काहीच नको" म्हणत बसलो तर बाकीच्यांचं काय करायचं?

सातारकरांसाठी: डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन या संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम साताऱ्यात आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. कुठे जायचं तेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

भडंगवाला | गुरुवार, सकाळी ९:१५

अवांतर: काकांचं सांगायचं राहिलं. ते २००९ ला गेले, लिव्हर. त्यांना घेऊन जायला कुणाला जमलंच नाही असं नाही. कुणी विचारलंच नाही, कारण ते प्यायल्यावर फार छान विनोद करायचे आणि आम्हा पोरांना तेच आवडायचं. चालू द्या.

कृष्णाकाठ | १४ मार्च

सगळ्यांना उत्तरं द्यायची राहिली, माफ करा. घरी उतरवणं जमलं नाही. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तो उठून बसला आणि चादरीवरून काहीतरी झाडायला लागला. वहिनीला वाटलं झोपेत आहे. मग म्हणाला, पोत्यांना मुंग्या लागल्यात, मालक ओरडतील, झाडू दे. घरात पोतं नाही. अंग भाजत होतं. ओपीडी_नंबर_सात, तुमचं लिहिलेलं मी वहिनीला वाचून दाखवलं होतं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो नाही. रिक्षाने थेट हॉस्पिटल. चार रात्री ॲडमिट होता. यार्डात डेंग्यू सांगितलं.

कालपासून संध्याकाळचं सुरू झालं.

रोखठोक | १४ मार्च

सांगितलं होतं असं म्हणणार नाही.

(सांगितलं होतं.) जपा.

माहुलीकर | १४ मार्च

वेळेवर नेलंत. आता पहिले पंधरा दिवस त्याच्याशी दारू सोडून दुसरं काहीही बोला. हळदीचा भाव विचारा.

हळदकुंकू | २९ मार्च

ताई, कसं चाललंय?

कृष्णाकाठ | ८ मे

आज वेळ मिळाला. आठवा आठवडा संपत आलाय.

आमच्याकडे पाचव्या आठवड्यात घसरण झाली. एका पार्टीचं मोठं पेमेंट आलं, मालकाने खूश होऊन सगळ्यांना बसवलं. भावाने "गोळी चालू आहे, डेंग्यूची" असं सांगितलं, ते हसले, आणि हा प्याला. एक क्वार्टर. (डायसल्फिरॅम नव्हतं, नॅल्ट्रेक्सोन आहे.) घरी येऊन आईच्या खोलीत बसून राहिला. वहिनी काहीच बोलली नाही. तिने कसं दाबलं तिलाच माहीत, ओठ दाताखाली धरून भाकऱ्या थापत होती. दुसऱ्या दिवशी गटाचा वार होता. जाणार नाही म्हणाला. मग पाच वाजता आपला आपणच आंघोळ करून शर्ट घालून निघाला. नळी फुंकायच्या आधी स्वतः सांगितलं म्हणे. तिथे कुणी ओरडलं नाही, पुढचे दोन आठवडे तीनाऐवजी चार दिवस बोलावलं, आणि मालकाला काय सांगायचं याची गटातच तालीम करून घेतली. एक जण मालक झाला होता. तो बिचारा मिरजेतला शिंपी, पण मालक म्हणून फारच जोरात "अरे घे रे!" म्हणायचा म्हणे. भाऊ हे सांगताना हसला. त्याला हसताना बघून किती दिवस झाले होते.

मालकाला त्याने शेवटी खरं सांगितलं. मालक म्हणाले, "डेंग्यू नव्हता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." नोकरी आहे.

माहुलीकर, फुल्यांचा नकाशा याच्याकडूनही काढून घेतला. त्याच्या तेरा आहेत.

परतीच्या रस्त्याचं आमचं असं जमलंय. बसमध्ये बसला की मला फोन करतो. बोलत काहीच नाही. मी इकडे भाजी निवडत असते, फोन कानाला. कंडक्टरचा आवाज येतो, विश्रामबाग आलं की उतरणाऱ्यांची गडबड ऐकू येते, कधी तो एवढंच म्हणतो, "आज गर्दी आहे." सांगली स्टँड आलं की "चल, ठेवतो" म्हणतो. तिथून वहिनी आणि पुतण्या चालत आणायला गेलेले असतात. पुतण्याला वाटतं बाबा क्लासला जातात.

बारा आठवडे जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतात. पुढे आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी. मला आता धास्ती आहे ती मोकळ्या झालेल्या दोन संध्याकाळींची. तिथे काय घालायचं?

माहुलीकर | ८ मे

तुम्ही काही घालू नका, त्याला विचारा. माझ्या वेळी बायकोने भजनी मंडळात नाव घातलं होतं. मी भजनाला म्हणून निघायचो आणि मेव्हण्याकडे पोचायचो. शेवटी मीच एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांच्या सभा) धरलं, मंगळवार आणि शुक्रवार. सांगलीतली सभा कुठल्या वारी असते ते बघून ठेवा, आणि कार्यक्रम संपायच्या आधीच एकदा त्याला जाऊन येऊ दे, म्हणजे पहिल्यांदा जाताना अनोळखी वाटणार नाही. पहिल्या सभेला तोंड उघडायची सक्ती नसते.

भडंगवाला | ८ मे

आणि ताई, बस सुटायच्या आधी पोटात काहीतरी. आमच्याकडून दोन पाकिटं भडंग घेऊन जा, लसूण जास्तीचा. पैसे घेणार नाही. यार्डाच्या गेटवर "तेरा फुल्या" म्हणा, मी ओळखेन.

कृष्णाकाठ | ८ मे

त्याला विचारलं. म्हणाला, शिंप्याकडे शिवण शिकायला जाऊ का? थट्टा करतोय की काय, कळलं नाही. वहिनीने मात्र माळ्यावरचं मशीन खाली काढून पुसून ठेवलंय.